लग्न, संसार आणि माणूस जाणं यावरच्या कवितांचं रसग्रहण नेमकं कसं लिहायचं?

गोदाकाठची
नमस्कार सगळ्यांना. मी नाशिकलाच एमए मराठी करतेय, दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास असं चाललंय. इंटर्नलला विषय आलाय आधुनिक मराठी कवितेतला विवाह, कुटुंब आणि वियोग. तीन कविता निवडून लिहायचंय आणि मॅडमनी आधीच बजावलंय की सारांश नको, विश्लेषण हवं. मी सध्या पाच काढून ठेवल्यात, कुसुमाग्रजांची कणा, इंदिरा संतांची नको नको रे पावसा, अनिलांची अजुनी रुसून आहे, नारायण सुर्व्यांची तेव्हा एक कर आणि ग्रेसांची ती गेली तेव्हा. वाचताना गलबलून येतं पण लिहायला बसलं की दहावीतले ते तीन मथळे, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, तेच समोर येतात आणि त्यात कविता बसवली की तिच्यातला जीवच जातो असं वाटतं. तर सुरुवात कुठून करायची? आणि कवीच्या खऱ्या आयुष्यातलं किती घ्यायचं? अजुनी रुसून आहे बद्दल तर व्हॉट्सॲपवर फिरतं की बायको गेल्यावर त्यांनी ही लिहिली, ते घालायचं का? कोणी या विषयावर लिहिलंय किंवा शिकवलंय का, प्लीज सांगा.

शाळेतल्या बाई
अगं छान कविता निवडल्यास. मी बरीच वर्षं दहावीला मराठी शिकवलं, ते तीन मथळे परीक्षेपुरते ठीक आहेत पण एमएला ते सोडून दे. मी तुला एकच प्रश्न देते, प्रत्येक कवितेला तो विचार. ही कविता बोलतेय कोणाशी? कोणाबद्दल ते नाही विचारत मी, कोणाशी.

आता तुझ्या यादीकडे बघ. कणातला माणूस सरांशी बोलतोय. इंदिराबाईंची बाई पावसाशी बोलतेय. संसाराच्या, वियोगाच्या कविता म्हणतो आपण पण ज्याच्याशी संसार केला त्याच्याशी थेट बोलणारी कविता शोधावी लागते. आपल्याकडे नवराबायको एकमेकांशी असलं काही बोलतच नाहीत ना गं, मनातलं दुसऱ्यालाच सांगतात, शेजारणीला सांगतील, देवाला सांगतील, पावसाला सांगतील. कविता तेच करते आणि म्हणून ती खरी वाटते. हे धरलंस की सारांश आपोआप सुटतो बघ.

कणा घे उदाहरणाला. सगळे शेवटच्या दोन ओळींवर लिहितात, लढ म्हणा, पाठीवर हात, झालं. पण मधलं बघ जरा. पूर आलाय, घर गेलंय, आणि हा माणूस पुराबद्दल बोलतो कसा? गंगामाई 'पाहुणी' आली. मग ती 'माहेरवाशीण पोरीसारखी' चार भिंतीत नाचली. मग ती मोकळ्या हाती जाईल कशी. आणि जाताना तिने 'प्रसाद' म्हणून पापण्यांमध्ये पाणी ठेवलं. म्हणजे अख्खं नुकसान हा माणूस घरच्या पाहुणचाराच्या भाषेत सांगतोय! माहेरवाशिणीला आपण रिकाम्या हाताने पाठवत नाही, ओटी भरतो, जे असेल ते देतो, म्हणून तिने सगळं नेलं तरी तिच्यावर रागवता येत नाही, ती घरचीच आहे. चूल विझली, भिंत खचली हे नंतर येतं आणि बायको मात्र वाचली हे त्याच दमात, अर्ध्या ओळीत येऊन जातं. त्या अर्ध्या ओळीवर एक पान लिहिता येईल. तो माणूस सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यात कमी शब्दात सांगतो आणि पुढे लगेच कारभारणीला घेऊन चिखलगाळ काढायला लागतो. लग्न म्हणजे काय हे ती कविता तिथे सांगते, मला तरी शेवटच्या ओळींपेक्षा ती जागा मोठी वाटते.

पंचवटीकर काका
बाई तुम्ही माहेरवाशिणीचं सांगितलं ते फार पटलं, त्यात एक नाशिकचं घालतो. बाहेरच्या वाचकाला वाटतं गंगामाई ही कवीची कल्पना, पण आपण नाशिककर गोदावरीला रोजच्या बोलण्यात गंगाच म्हणतो, गंगेवर जाऊन येतो, गंगेला पूर आला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं. तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं, आयुष्य इथेच गेलं, ही बोली त्यांच्या कानात होती. कवितेत गावाचं नाव नाही, तेव्हा ही अमुक एका पुरावरची कविता असं मात्र लिहू नकोस पोरी. २००८ ला सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना पाहुणी शब्द वाचून काय होतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरं सुर्व्यांच्या कवितेबद्दल. आमची ही गेल्यानंतर मला कोणीतरी ती कविता पाठवली होती. मी ती उलट वाचली, म्हणजे मी मागे राहिलेला आणि बोलणारी ती असं धरून. कवितेत नवरा बायकोला सांगतो की मी नसेन तेव्हा एक कर, निःशंक डोळे पूस. मला ते हिच्या आवाजात ऐकू यायला लागलं कारण ती बाहेर निघताना दारातून अशीच सांगायची, एक करा, दूध आलं की तापवून ठेवा, एक करा, गॅस बघा. तोच सूर आहे तो. मरणाबद्दल बोलताना सुर्वे मोठा आवाज लावत नाहीत, घरातलं काम सांगावं तसं सांगतात, हे तुझ्या लेखात आलं पाहिजे. आणि एक कर म्हणून सुरुवात करून ते एकावर थांबत नाहीत, डोळे पूस, हुंदके आवर, तुला आवडेल असं घर कर, मला स्मरून कर, हवे तर मला विस्मरून कर. एवढं सांगावं लागतंय म्हणजे जाणाऱ्याचाच पाय निघत नाहीये. ती उदारता आहेच, पण तिच्या खाली हे आहे.

कॉलेजरोड
काका, नमस्कार तुम्हाला. पण गोदाकाठची, सुर्व्यांच्या कवितेवर एक प्रश्न विचारायलाच हवा, ही परवानगी देतंय कोण? नवरा देतोय. बाईने पुन्हा घर करायचं ते सुद्धा त्याने खुशाल म्हटल्यावर. कविता त्या काळात धाडसी होती यात शंका नाही, विधवेच्या दुसऱ्या घराबद्दल नवऱ्याच्याच तोंडून बोलायचं ही साधी गोष्ट नव्हती, म्हणून मी तिला कमी लेखत नाही, पण बायकोचा आवाज त्यात कुठेच नाही हे लिहायला घाबरू नकोस. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई सुर्व्यांचं मास्तरांची सावली हे आत्मकथन आहे, ते सोबत वाच. त्या घरात रोजचं काय चालायचं ते तिच्या बाजूने कळतं आणि मग कवितेतलं ते 'तू' नुसतं तू राहत नाही.

आणि कवीचं आयुष्य घ्यायचं का, तर माझं मत घ्यायचं. इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले, त्याआधी दोघांचा मिळून सहवास नावाचा संग्रह आला होता. म्हणजे लग्न, संसार आणि कविता हे सगळं त्यांनी एकत्र सुरू केलेलं आणि नंतरचे शेला, मेंदी, मृगजळ हे संग्रह एकटीने लिहिलेले. हे माहीत नसताना नको नको रे पावसा वाचली तर ती एक गोड पावसाची कविता होऊन बसते, शाळेत तशीच शिकवतात. माहीत असेल तर 'वाटेवरी माझा सखा, त्याला माघारी आण ना' इथे घसा दाटतो.

शाळेतल्या बाई
कॉलेजरोड, घसा दाटायला १९४६ कशाला हवं? कविताच ते करते. पहिल्यापासून बघा ना, ती पावसाला रागावतेय, अवेळी धिंगाणा करू नको, घर चंद्रमौळी आहे, कौलावर नाचू नको, गळायला लागलं तर तांबे सतेली पातेली मी आणू कुठून, सायली मोडेल, नेसूचं जुनेर भिजेल. म्हणजे घरात काय काय नाही याची यादी आहे ही, आणि सगळ्यात मोठं जे नाही ते ती सांगतच नाही कितीतरी वेळ. मग एकदम म्हणते तुझं इतकं सोसलं, आता माझं एवढं ऐक. आणि तेव्हा कळतं की घरात भांडी नाहीत हे दुःखच नव्हतं. तो वाटेला लागलाय, आणि ज्या पावसाला इतका वेळ हाकलत होती त्यालाच ती वेशीपुढे धावायला सांगते, वीज कडाडून त्याला मागे फिरवायला सांगते. आणलंस तर घाल हवा तितका धिंगाणा, मी बोलणार नाही. सगळा तक्रारीचा सूर एका मागणीने उलटा होतो. ही रचना दाखवलीस तर परीक्षकाला चरित्र सांगावं लागत नाही. चरित्र एका वाक्यात दे, तेही शेवटी. आधी दिलंस की वाचणारा कविता वाचायचं थांबवतो आणि बाईंची कीव करायला लागतो, आणि इंदिराबाईंची कविता कीव मागत नाही.

अनिलांचंही तेच. त्यांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये गेल्या हे खरं, त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, पहिल्या महिला अध्यक्ष, आणि दोघांची पत्रं कुसुमानिल म्हणून छापलेली आहेत. पण त्या गेल्यावर ही कविता लिहिली हे फॉरवर्डवरून उचलू नकोस. सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन संग्रह काढ, कविता कोणत्या संग्रहात आहे, तो कधी छापला ते बघ आणि मगच त्यावर एक अक्षर लिही. त्यापेक्षा ही गोष्ट लोकांना इतकी पटते का याचा विचार कर. कवितेत मरण कुठेच नाही. रुसवा आहे, समजूत मी करावी म्हणून तू रुसावंस हा दोघांचा जुना खेळ आहे, आणि आज तो खेळ चालत नाहीये, एवढंच. का चालत नाही याचं कारण कवी देत नाही. त्या न दिलेल्या कारणाच्या जागी प्रत्येक जण आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात मोठं कारण भरतो. आणखी एक, मध्ये तो 'तू' म्हणून तिच्याशी बोलतो पण सुरुवातीला आणि शेवटी 'अजुनी रुसून आहे' असं तिच्याबद्दल बोलतो, जणू शेजारी कोणी तिसरं उभं आहे त्याला सांगतोय. उत्तर येत नाही असं दिसलं की माणूस असंच करतो.

सिडकोतला खान्देशी
सगळं वाचलं, भारी चाललंय. पण ताई तुमच्या यादीत बहिणाबाई नाही?? आधुनिक म्हणजे काय फक्त पुण्यामुंबईचे आणि शिकलेले का. बहिणाबाईंची गाणी पुस्तकात आली १९५२ ला, त्या गेल्या १९५१ ला, म्हणजे मर्ढेकर लिहित होते त्याच काळात ही बाई जळगावकडे शेतात काम करता करता रचत होती. संसारावर म्हटलं की सगळे तव्याचीच ओळ म्हणतात, मी सांगतो ती दुसरी बघा, ज्योतिषाला सांगते ती, माझ्या दारी नको येऊ, माझं दैव मला कळतं. त्यात आहे,

लपे करमाची रेखा
माझ्या कुकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुकू
रेखा उघडी पडली

नवरा गेला हे असं सांगितलंय. त्यात रडणं नाही काही नाही. कपाळावर कुंकू होतं तोवर नशिबाची रेघ झाकलेली होती, कुंकू पुसलं आणि रेघ दिसायला लागली. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं पण हे पाठ होतं आणि ती म्हणायची तेव्हा घरातल्या बाया हातातलं काम थांबवायच्या. बाईंनी विचारलं ना कोणाशी बोलते, तर ही ज्योतिषाशी बोलते, म्हणजे जो भविष्य सांगायला आलाय त्याला ती सांगतेय की तुला वाचायचं ते माझ्या कपाळावर आधीच उघडं पडलंय. याच्यापेक्षा आधुनिक काय असतं मला सांगा.

कॉलेजरोड
हे जबरदस्त आहे दादा. मॅडम आधुनिकची व्याख्या विचारतील, तर काळ दे आणि शिवाय हे दे की ती नशिबावरचा हक्क ज्योतिषाला देत नाही.

गोदाकाठची
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच खूप आभार. काका, तुमचं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही, तुम्ही कविता उलटी वाचली हे मी लेखात घेऊ का, नाव न घेता, एका वाचकाने अशी वाचली म्हणून? आता मी तीन ठरवल्यात, कणा, नको नको रे पावसा आणि बहिणाबाईंची ज्योतिषाची. तिन्हीत बोलणं तिसऱ्याशीच आहे, सर, पाऊस आणि ज्योतिषी, हाच धागा धरते. फक्त ग्रेस सोडताना जिवावर येतंय, ती गेली तेव्हा कोणाशीच बोलत नाही ना, मग तिचं काय करायचं?

शाळेतल्या बाई
अगदी बरोबर ओळखलंस, ती कोणाशीच बोलत नाही. म्हणून तिला शेवटी एका परिच्छेदात विरुद्ध उदाहरण म्हणून घे. ऐकणारंच कोणी उरलं नाही तर कविता काय करते? ती आजूबाजूला बघत राहते, पाऊस, किरणं, वारा, पाचोळा, खिडकीवरचा कंदील. आणि हो, निवडुंग सिनेमातलं गाणं ऐकून बरेच जण ती प्रेयसीची समजतात, 'ती आई होती' असं कवितेत स्वच्छ आहे आणि अंगणात बालपण संपल्याचंही आहे, ते लिहायला विसरू नकोस. तीन पूर्ण कविता आणि चौथीचा एक परिच्छेद, मॅडम नाही म्हणणार नाहीत.

पंचवटीकर काका
घे की खुशाल. हिलाही आवडलं असतं. बहिणाबाईंची गाणी घेताना अत्र्यांची प्रस्तावना असलेली प्रत घे, माझ्याकडे आहे, सावानात मिळाली नाही तर इथे मेसेज टाक, आणून देईन.