आशियाई चषकातला भारताचा हिशेब: फलकावर नेमकं काय छापायचं?

पेठेतला_बॅक
हंगाम सुरू व्हायच्या आधी तालमीसमोर ६ बाय ४ चा फ्लेक्स लावायचाय. विषय: एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) आशियाई चषकात भारत. मजकूर जमवताना तीन ठिकाणी गाडी अडली. भारत स्पर्धेत ५ वेळा खेळला की ६? १९६४ ला आपण उपविजेते, मग फायनलचा स्कोअर कुठंच कसा सापडत नाही? आणि शेवटची स्पर्धा २०२३ ची लिहायची की २०२४ ची? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला येणारं पब्लिक एक आकडा चुकला तरी सोडत नाही, म्हणून छापायच्या आधी विचारतोय.

नोंदवही
५ वेळा. पात्रता फेरी धरायची नाही, फक्त मुख्य स्पर्धा: १९६४, १९८४, २०११, २०१९, २०२३. ज्यांच्या यादीत ६ येतात त्यांनी बहुतेक २०२७ च्या पात्रतेचे सामने मिसळलेत.

फायनलचा स्कोअर सापडणार नाही, कारण १९६४ ला फायनल झालीच नाही. इस्रायलमध्ये ४ संघ होते आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, आपल्या साखळीसारखंच. तेव्हा जिंकल्याचे २ गुण. भारतानं दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ हरवलं, इस्रायलकडून ०-२ हरला. इस्रायल ६, भारत ४, कोरिया २, हाँगकाँग ०. 'उपविजेते' बरोबर आहे, फक्त 'अंतिम फेरीत पराभव' असं लिहू नका. हेही कळू द्या की समोरच्या संघांनी माघार घेतल्यामुळं भारत पात्रतेत एकही सामना न खेळता तिथं पोहोचला होता. चुनी गोस्वामी कर्णधार. इंदर सिंग २ गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्त पहिला.

स्पर्धेचं नाव '२०२३', खेळली गेली १२ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०२४ मध्ये, कतारला. यजमानपद मुळात चीनकडं होतं, कोरोनामुळं त्यांनी सोडलं. फलकावर '२०२३ (सामने जानेवारी २०२४)' लिहा म्हणजे वाद मिटला.

आता बेरीज (गोल: मारलेले-खाल्लेले):
१९६४: ३ सामने, २ विजय, १ हार, गोल ५-३
१९८४: ४ सामने, १ बरोबरी, ३ हार, गोल ०-७
२०११: ३ सामने, ३ हार, गोल ३-१३
२०१९: ३ सामने, १ विजय, २ हार, गोल ४-४
२०२३: ३ सामने, ३ हार, गोल ०-६
एकूण १६ सामने, ३ विजय, १ बरोबरी, १२ हार, गोल १२-३३.

छापायच्या आधी उभी बेरीज स्वतः एकदा करा. विजय + बरोबरी + हार = सामने जुळलं नाही तर कुठंतरी पात्रतेचा सामना घुसलाय.

गॅलरीतला_गडी
ती एकुलती बरोबरी १९८४ ची, सिंगापूरमध्ये इराणशी ०-०. लई जण विसरतात. बाकी सिंगापूर ०-२, अमिराती ०-२, चीन ०-३.

२०१९ ला आपण गोलफरकावर (मारलेले वजा खाल्लेले गोल) बाहेर गेलो हे पण टाका की. थायलंडला ४-१ मारूनसुद्धा.

नोंदवही
नको, ते चूक आहे. आपण ३ गुणांवर गटात तळाला राहिलो. अमिराती ५, थायलंड ४, बहारीन ४, भारत ३. गोलफरकाचा प्रश्न आलाच नाही.

उलट तिथला नियमच बघण्यासारखा आहे. गुण समान झाले तर आधी आपापसातला सामना, गोलफरक नंतर. थायलंडचा गोलफरक उणे २ आणि बहारीनचा शून्य, तरी थायलंड दुसरा, कारण त्यानं बहारीनला १-० हरवलं होतं. आता भारताचा शेवटचा सामना घ्या: शारजा, १४ जानेवारी २०१९, बहारीनविरुद्ध नव्वद मिनिटं ०-०. तिकडं अमिराती–थायलंड १-१ सुटला. आपला सामना तसाच संपला असता तर भारत ४, थायलंड ४, बहारीन २, आणि थायलंडला ४-१ हरवल्यामुळं आपण दुसरे, थेट बाद फेरीत. ९०+१ ला (भरपाई वेळेच्या पहिल्या मिनिटाला) बहारीनला पेनल्टी गेली, जमाल राशिदनं मारली, संपलं. १९६४ नंतरच्या सगळ्या हिशेबात खरी चुटपुट याच एका मिनिटाची आहे.

हाफबॅक_मंगळवार
फलकावर एक ओळ गोलांची घाला, तीच जास्त बोलते. १९८४ पासून १३ सामने, त्यातल्या १० मध्ये आपला एकही गोल नाही. गोल झाले ते फक्त बहारीन (२-५), दक्षिण कोरिया (१-४) आणि थायलंड (४-१) या सामन्यांत. १२ गोलांपैकी ४ सुनील छेत्रीचे, त्यातले २ पेनल्टीवर. बाकीचे: इंदर सिंग २, आणि अप्पलराजू, समाजपती, गोस्वामी, गौरमांगी, अनिरुद्ध थापा, जेजे प्रत्येकी १.

बचावाचं दुखणं दर वेळी वेगळं. २०११ ला बहारीननं मध्यंतरालाच ४-१ केलं, इस्माईल अब्दुल्लतीफ एकट्यानं ४ गोल करून गेला. २०२३ ला ऑस्ट्रेलियाला पूर्वार्धात ०-० वर रोखलं, मग ५० व्या आणि ७३ व्या मिनिटाला दोन बसले. उझबेकिस्तानविरुद्ध उलटं, तिन्ही गोल मध्यंतराआधीच, पहिला तर चौथ्या मिनिटाला. सीरियाविरुद्ध ७६ व्या मिनिटापर्यंत तग धरला, पण आपल्यालाही मारता आला नाही.

पेठेतला_बॅक
नोंदवहीदादा, हाफबॅकदादा, कामच झालं. आता २०२७ चं काय लिहू? तळाला अर्धा फूट जागा आहे.

नोंदवही
'पात्र नाही'. जागा उरली तर कारण लिहा, पण मुख्य तक्त्यात मिसळू नका. गटात ४ संघ आणि फक्त पहिला पुढं जाणार होता. २०१९ च्या पात्रतेत चारातले दोन जात होते, २०११ ला तर २००८ चा चॅलेंज कप जिंकून (फायनल ताजिकिस्तानवर ४-१, छेत्रीची हॅट्ट्रिक) थेट तिकीट मिळालं होतं. २०२७ च्या पात्रतेत एक घसरण परवडली असती, आपण ओळीनं घसरलो. शिलाँगला बांगलादेशशी ०-०. हाँगकाँगमध्ये ९०+४ ला पेनल्टीवर ०-१. सिंगापूरला दहा जणांत खेळून रहीम अलीनं ९० व्या मिनिटाला १-१ केलं. मडगावात छांगतेनं १४ व्या मिनिटाला आघाडी दिली, तरी सिंगापूरकडून १-२, आणि तिथंच दार बंद. ढाक्यातली ०-१ हार त्यानंतरची.

गॅलरीतला_गडी
गोलफरकाचं मान्य. फ्लेक्सवाल्याकडं मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवू नका. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये नेला की जोडाक्षरं फुटतात, 'उझबेकिस्तान' ओळखू येत नाही. पीडीएफ द्या. आणि ६-४ मध्ये ५ ओळींचा तक्ता वर, गोल करणारे खाली, बस. नेत्यांचे फोटो घातलात तर १९६४ ला जागाच उरायची नाही.

पेठेतला_बॅक
फोटो नाहीत. चुनीदांचा एक टाकतोय फक्त.