सुट्टीचा एक दिवस, कोल्हापुरात: पुस्तक, चूल आणि भटकंती

कोल्हापुरात राहणाऱ्या, कोल्हापूर सोडून गेलेल्या, सासरमुळे किंवा नोकरीमुळे कोल्हापूरकर झालेल्या सगळ्यांना हे आवतण आहे. सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतता येईल असं ठिकाण, घरच्या चुलीवर शिजलेला पदार्थ, किंवा हातातून सुटलं नाही असं पुस्तक, यांतल्या ज्यानं तुमचा दिवस चांगला गेला त्याबद्दल लिहा. हॉटेलांच्या याद्या नकोत, त्या सगळ्यांना पाठ आहेत. काय केलं, कुठून आणलं, बरोबर कोण होतं, ते सांगा.

सुरुवात मीच करते. मला पन्हाळा आवडतो तो थंडीत, मधल्या वारी, गर्दी नसताना. शहरापासून वीसेक किलोमीटर. तीन दरवाजा पाहून झाला की तटाच्या सावलीत बसायचं, झुणका-भाकरी आणि दही खायचं आणि पिशवीतलं पुस्तक काढायचं. १६६०चा सिद्दी जौहरचा वेढा आणि बाजीप्रभूंची पावनखिंड, अशीच आपण पाहुण्यांना या गडाची ओळख करून देतो. त्याच गडावर १७२९ साली कवी मोरोपंतांचा जन्म झाला, हे सांगायचं राहून जातं. शाळेत पाठ केलेल्या त्यांच्या ओळी तिथे बसून मोठ्यानं म्हणून बघा. वारा अर्धे शब्द पळवतो, पण वृत्ताचा ठेका काही सुटत नाही.

आता तुम्ही.

निवृत्त शिक्षिका, शिवाजी पेठ

माझा आनंद पायी जाण्याइतका जवळ आहे. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि भवानी मंडपाकडून करवीर नगर वाचन मंदिरात जायचं. १८५० साली सुरू झालेलं हे ग्रंथालय. रेल्वे, वीज, सिनेमा यांतलं काहीच गावात नव्हतं तेव्हा इथे पुस्तकं गोळा करायला सुरुवात झाली होती, याचा मला फार अभिमान वाटतो. नवं पुस्तक मागायच्या आधी मी जुन्या कपाटापाशी थोडा वेळ काढते. मागच्या पानावर तारखांचे शिक्के असतात. एखाद्या पुस्तकावर ओळीनं शिक्के, तर एखाद्यावरचा शेवटचा शिक्का माझी मुलं शाळेत होती तेव्हाचा. असं पुस्तक मी हमखास घरी आणते.

शंकर पाटलांच्या कथा अशाच एका दुपारी पुन्हा वाचायला घेतल्या. ते आपल्याच जिल्ह्यातले, पट्टणकोडोलीचे. त्यांची माणसं बोलतात ती माझ्या सासूबाईंची बोली. वाचताना "आवं, ऐकलासा का" असं मागून कुणी म्हणेल असं वाटत राहतं. पुस्तक संपल्यावर मी ह्यांना म्हटलं, पट्टणकोडोलीला जाऊन येऊया. हुपरीजवळच आहे, अर्ध्या दिवसाचं काम. विठ्ठल-बिरदेवाच्या देवळात गेलो. यात्रा होऊन गेली होती, पण पायऱ्यांच्या कडांना भंडारा अजून होता आणि घरी आल्यावर साडीच्या काठावर पिवळं दिसलं. पारावर दोन म्हातारे ऊसबिलाबद्दल बोलत होते. त्यांचं बोलणं ऐकताना मला कथेतलं पान पुढे चालू झाल्यासारखं वाटलं. येताना हुपरीत नातीसाठी चांदीचे वाळे घेतले.

राजारामपुरीतून, दोन मुलांची आई

मला वर्षाच्या चटणीबद्दल लिहायचं आहे. शिमगा झाला की आत्ती सांगलीहून मुद्दाम येतात, कारण आमच्या घरची चटणी त्यांच्याशिवाय होत नाही.

मिरची लक्ष्मीपुरीतून आणतो. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि झणका हवा म्हणून थोडी लवंगी. विकत घेताना आत्ती मिरची हातात घेऊन हलवतात. आत बी खुळखुळलं तरच ती वाळलेली. मग गच्चीवर जुन्या धोतरावर पसरून ऊन द्यायचं, देठं खुडायची. माझी मुलं खुडायला बसतात आणि डोळ्याला हात लावू नका हे त्यांना सारखं सांगावं लागतं.

आमचं प्रमाण असं: किलोभर मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, मूठभर तीळ. शिवाय जिरं, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा, दगडफूल, तमालपत्र, हळकुंड. कांदा उभा चिरून दोन उन्हं दाखवायची आणि मग तळायचा. ओला कांदा तळला तर चटणी टिकत नाही. खडा मसाला प्रत्येक जिन्नस वेगळा तळायचा. आत्ती ह्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. "दगडफूल लवंगेबरोबर टाकलंस तर दगडफूल जळंल आन् लवंग कच्ची ऱ्हाईल," असं म्हणून त्या झारा माझ्या हातातून काढून घेतात.

मग डंक. डबे घेऊन सकाळी लवकर नंबर लावायचा. नाकाला पदर, तरी शिंका थांबत नाहीत. आधी मिरची कुटली जाते, मग मसाला, शेवटी कांदा-लसूण घालून सगळं एकत्र. डंकावरच्या मावशी चिमूटभर आत्तींच्या तळहातावर ठेवतात. आत्ती चाटून बघतात, मान हलवतात, तेव्हा कुठे डबा भरायचा. घरी येईपर्यंत डबा गरम असतो. गार झाली की बरणीत तळाला हिंगाचा खडा, वर हिंगाचा खडा, आणि दादरा बांधून ठेवायची.

त्या दिवशी रात्री आमच्याकडे दुसरं काही करत नाहीत. गरम भाकरी, तिच्यावर नवी चटणी, वर कच्चं शेंगतेल आणि बाजूला फोडलेला कांदा. पुण्यात शिकणाऱ्या पुतणीसाठी पहिली बाटली त्याच रात्री भरली जाते.

फौंड्रीत काम करणारा, शिरोली

मी कंपनीच्या बसमध्ये वाचतो. जाताना वीस पानं, येताना झोप नाही लागली तर आणखी दहा. शाहू महाराजांचं चरित्र वाचत होतो. त्यात राधानगरीच्या धरणाचा भाग आला. १९०७च्या सुमारास महाराजांनी ही योजना हाती घेतली आणि ती पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. लहानपणी मी धरणावर गेलो होतो, पण तेव्हा पाणी बघितलं, धरण बघितलं नव्हतं.

मग पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी मित्राला मागं बसवलं आणि निघालो. भोगावतीच्या बाजूनं रस्ता जातो, दोन्हीकडं ऊस आणि भात. या धरणाच्या लक्ष्मी तलावाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या पातळीनं ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. मी ओतकामातला माणूस, दिवसभर लोखंडाशी गाठ. त्यामुळं ते दरवाजे कसे तोलून धरले असतील याचाच विचार करत मी किती तरी वेळ लांबून बघत उभा होतो. मित्राला भूक लागली होती, त्याची चुळबुळ चालू होती. पण ज्यांनी हे योजलं त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते नुसतं वाचून वाटलं नव्हतं.

पुढं दाजीपूरला गव्यांचं अभयारण्य आहे, पण पावसात ते बंद असतं. त्यासाठी डिसेंबरनंतर जा. आम्ही राऊतवाडीच्या धबधब्याशी भिजून, वाटेत मक्याचं कणीस खाऊन परत आलो. पाणी वाढलेलं असताना खाली उतरू नका, एवढं सांगतो.

गंगावेस

फार लिहायचं नाही. दूध कट्ट्यावर रात्री म्हशीचं धारोष्ण दूध, समोर पिळलेलं, फेसासकट. वडील मला घेऊन जायचे, आता मी मुलीला नेतो. तिच्या ओठांवर फेसाची मिशी आली की ती पुसू देत नाही.

बँकेतून निवृत्त, मूळचा शिरोळ तालुक्यातला

नातवाला मोबाइलमधून बाहेर काढायचं तर त्याला काहीतरी शोधायला द्यावं लागतं. मी त्याला म्हटलं, महादेवाच्या देवळासमोर नंदी नाही असं देऊळ दाखवतो. तो म्हणाला, "आबा, असं असतंय होय?" आम्ही सकाळी निघालो.

खिद्रापूर कृष्णेच्या काठी, पलीकडे लगेच कर्नाटक. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आधी स्वर्गमंडप लागतो. अठ्ठेचाळीस खांब आणि वर मध्यभागी गोल उघडं आकाश. त्या गोलाच्या बरोबर खाली गोल शिळा आहे. नातवानं खांब मोजायला सुरुवात केली. एक खांब चौकोनी, त्यावर अष्टकोनी, त्यावर गोल असा कातलेला आहे आणि गोल भाग इतका गुळगुळीत आहे की हातानं घासला असेल हे पटत नाही. बाहेरून हत्तींची रांग, देवळाचा सगळा भार पाठीवर घेतलेली. पुष्कळ हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत, ते बघून पोरगं गप्प झालं. गाभाऱ्यात कोपेश्वराबरोबर धोपेश्वरही आहे. सतीच्या वियोगानं कोपलेल्या शंकराला शांत करायला विष्णू आले, अशी कथा सांगतात. आणि नंदी? तो सतीबरोबर गेला होता, त्याचं देऊळ नदीपलीकडे यडूरला आहे. नातवाला हे उत्तर फार आवडलं. पुढच्या सुट्टीत यडूर ठरलं आहे.

परतताना नृसिंहवाडीला थांबलो. कृष्णा-पंचगंगेचा संगम, औदुंबराखाली दत्ताच्या पादुका. पावसाळ्यात नदीचं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजानं बाहेर पडतं, त्या वेळी दक्षिणद्वाराच्या स्नानाला मी तरुणपणी धावत जायचो. आता घाटाच्या पायऱ्या सावकाश उतरतो. बासुंदी घेतली, कवठाची बर्फी घेतली आणि कृष्णाकाठची वांगी पिशवीभर. भरलं वांगं करायचं तर हेच वांगं. साल पातळ, बी कमी आणि तेलावर परतलं की लोण्यासारखं मऊ होतं. घरी गेल्यावर सूनबाईंनी आधी वांग्यांची पिशवी उघडली, बासुंदी नंतर.

पुण्यात नोकरी, घर मंगळवार पेठेत

महिन्यातून एखाद्या रविवारी घरी येतो आणि त्या दिवशी स्वयंपाकघर माझं असतं. आई खुर्ची टाकून बसते आणि सांगते. पांढरा रस्सा मी तिच्या सांगण्यावरून शिकलो. तो बिघडवायच्या जागा तीन. पहिली, मटण शिजवतानाच हळद टाकणं, मग रस्सा पांढरा राहतच नाही. म्हणून मी मटण आलं-लसूण आणि मिठावर शिजवतो, अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, काढून घेतो आणि मग सुक्यासाठी हळद-चटणी. दुसरी जागा वाटणाची. खसखस, तीळ, काजू भिजवून इतके बारीक वाटायचे की बोटाला रवाळ लागता कामा नये. तिसरी सगळ्यात नाजूक. ओल्या नारळाचं दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर रस्सा फुटतो. मंद आच, सारखा डाव फिरवत राहायचं, कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा यांची फोडणी मी आधीच देऊन ठेवतो.

वाढायच्या आधी शेजारच्या लहान मुलांना वाटीभर अळणी आणि भात. ही आमच्या वाड्यातली जुनी रीत आहे. मग मोठ्यांची पंगत. तांबडा वडील करतात, त्यात माझी लुडबुड चालत नाही.

शाहूपुरी, पावसाळ्याबद्दल

जुलैत आमच्या घरी सकाळचा पहिला प्रश्न एकच: राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटावर? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. काळजी असतेच, महापुराची वर्षं आम्ही पाहिली आहेत. पण पाणी इशाऱ्याच्या खाली असेल आणि पाऊस कोसळत असेल, तर त्या दुपारी मी आजोबांना पुस्तक वाचून दाखवते. त्यांची नजर गेली आहे. सुरुवातीला आम्ही दोघंच असायचो. मग वहिनी भाजी निवडत येऊन बसायला लागल्या, मग काकू. आता प्रकरण संपायच्या आत कुणी उठत नाही. मध्येच आजोबा म्हणतात, "थांब, ते परत वाच." तो परिच्छेद मी पुन्हा वाचते आणि दुसऱ्यांदा वाचताना मलाही तो जास्त आवडतो. सोबत हुलग्याचं माडगं, गूळ घातलेलं, गरम गरम. सर्दीला त्यासारखं औषध नाही.

करवीर तालुक्यातली, घरचं गुऱ्हाळ असलेली

वर कुणी गुळाचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गूळ होताना पाहिलेली शहरातली मुलं आता कमीच. दिवाळीपासून पुढे हंगाम असतो. चरकातून रस निघतो, काहिलीत चढतो, खाली वाळलेली चिपाडं जळतात. रस तापला की रानभेंडीचं पाणी घालतात. त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. रस आटला की रंग हिरवटावरून सोनेरी आणि मग तांबूस होतो. काकवी हवी असेल तर ती ह्याच वेळी काढून घ्यावी लागते. जरा उशीर झाला की गूळच होतो. ती वेळ गुळव्या ओळखतो. आमचे गुळवे मामा थेंबभर पाक पाण्यात टाकतात, बोटांत धरून वळून बघतात आणि हात वर करतात. मग दहा माणसं एकदम हलतात, काहील वाफ्यात रिकामी होते.

माझं वाचन ह्याच दिवसांत होतं. रात्रपाळीला जेवण घेऊन गेले की चुलवाणाच्या उजेडात दिवाळी अंक घेऊन बसते. पानांना गुळाचा वास लागतो आणि तो उन्हाळ्यापर्यंत जात नाही.

ज्यांना मुलांना घेऊन यायचं आहे त्यांनी कोणत्याही गावातल्या गुऱ्हाळावर सकाळी सातच्या आत पोहोचा, पहिली काहील तेव्हा उतरायला येते. आधी विचारा, मग आत या, कारण काहिलीजवळ पोरांना मोकळं सोडता येत नाही. भाकरी घरून आणा. काकवी कुणीही देईल, पैसे कुणी घेणार नाही.