कॅम्पबेल बे: घरं बांधली म्हणजे सीमा राखली का?

बंदरकर:
ग्रेट निकोबार या भारताच्या दक्षिण टोकाच्या बेटावरच्या सरकारी प्रकल्पावरून रान उठलंय. कॅम्पबेल बे हे तिथलं मुख्य गाव. बंदर, विमानतळ आणि पुढे साडेतीन लाख वस्तीचं शहर. तेही 2011च्या जनगणनेत जेमतेम आठ हजार माणसं असलेल्या बेटावर. टीका जरूर करा. पण इंडोनेशियाचं सुमात्रा तिथून दीडेकशे किलोमीटरवर आहे. नुसत्या चौकीने बेट आपलं राहत नाही, तिथे चूल पेटावी लागते. 1969 ते 1980 दरम्यान माजी सैनिकांची 330 कुटुंबं तिथे नेऊन वसवली ती याचसाठी. त्यात मराठी घरंही होती. जोगिंदर नगर, गोविंद नगर ही गावं म्हणजे भात पिकवणाऱ्या चौक्याच.

रानमोडी:
चूल पेटावी लागते? मग शोंपेन आणि निकोबारी या तिथल्या मूळच्या आदिवासी जमाती काय कच्चं खात होत्या? निकोबारींची गावं पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर होती. 2004च्या त्सुनामीनंतर त्यांना कॅम्पबेल बेजवळच्या राजीव नगर आणि न्यू चिंगेन या वस्त्यांत आणून ठेवलं. ‘आम्हाला आमच्या जागी जाऊ द्या’ हे ते कधीपासून सांगताहेत. जो किनारा माणसांनी राखलेला होता, तो आपणच रिकामा केला. यात कसली आली सीमासुरक्षा?

सातारकर_पोरगी:
माझ्या आत्याचं सासर तिथलं. लाटेनंतर काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. दुपारी आत बसवत नसे, म्हणून छपरावर ओली गोणपाटं टाकायची. पुढे पक्की घरं मिळाली, पण लोखंडसुद्धा मुख्य भूमीवरून जहाजाने आलेलं. खाऱ्या हवेत एक नट गंजला तरी पुढच्या बोटीची वाट बघा! आत्याचे सासरे म्हणायचे, “देशाने आम्हाला इथे रोवलं आणि पाणी घालायचं विसरला.”

बंदरकर:
ताई, मान्य. पण ही चूक घराच्या नकाशाची. वस्ती करण्याची नव्हे.

रानमोडी:
नकाशातच तर सगळं आहे, साहेब. निकोबारींचं तुहेत म्हणजे अख्खं एकत्र कुटुंब. नारळाची बाग सामाईक, डुकरं सामाईक. सरकारने नवराबायको-पोरं धरून एकेक घर वाटलं आणि तुहेत फुटलं. सीमेवर कोण हवं हे दिल्लीत ठरतं, तेव्हा तिथल्या माणसाने कुणासोबत जेवायचं हेही तिथेच ठरतं. नव्या शहराच्या आराखड्यात तुहेतची जागा कुठे आहे, तेवढं दाखवा. मग बोलू.