मदत हवी आहे: बेंच, रंग, टीव्ही सगळे देतात, शनिवारी येणाऱ्या माणसाचं मानधन कोण देतं?

जांबोटीकडची

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडं आमचं गाव. सरकारी मराठी हायर प्रायमरी शाळा, पहिली ते सातवी मिळून ४१ पोरं, शिक्षक दोन. मी शिवणकाम करते आणि दोन वर्षांपासून एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या पालक समितीत आहे. अनुदान, कंपन्या समाजासाठी देतात तो सीएसआरचा पैसा, हे सगळं डोक्यावरनं जातं, म्हणून इथं विचारते.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीनंतर गावातले एक आजोबा, ज्यांचं उभं आयुष्य झांजपथकात गेलं, शनिवारची सकाळची शाळा सुटली की पोरांना झांज शिकवायला लागले. एक पैसा घेतला नाही. पदवी घेऊन घरी बसलेली एक मुलगी जोडीला आली. ती गोष्टी वाचून दाखवायची, चित्रं काढून घ्यायची. बेत दीड तासाचा होता, पण चार वाजले तरी पोरं व्हरांड्यातनं हलायची नाहीत. आमच्याकडं बऱ्याच घरांतले बाप गोव्याला कामाला, काही घरांत आईसुद्धा, पोरं आजीजवळ. काही घरांत बाप इथंच असतो, पण संध्याकाळी असून नसल्यासारखा. या पोरांना घरी जायची घाईच नाही, हे आम्हाला त्या शनिवारांमुळं कळलं. तोवर आम्ही म्हणायचो, पोरं वांड झालीत.

आता आजोबांचे गुडघे गेले आणि मुलीला बेळगावात नोकरी लागली. जूनपासून सगळं बंद आहे.

हिशोब मांडून बघितला. दोन माणसं, शनिवारी प्रत्येकी ५०० रुपये, वर्षात ३० शनिवार, म्हणजे ३० हजार. रंग, कागद, झांजांच्या जोड्या मिळून १२ हजार. खाऊ माणशी १० रुपये धरला तर १२,३००. एकूण ५४,३००. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात जाऊन आले. चांगले बोलले, चहा दिला आणि म्हणाले, स्मार्ट टीव्ही देतो. टीव्ही आहे की आमच्याकडं! पावसाळ्यात करंट नसतो, कापड घालून ठेवलाय. माणसाचे पैसे देता काय म्हटल्यावर गप्प झाले. नंतर एक जण भेटला, म्हणाला ५ हजार आधी द्या, दोन लाखांचं अनुदान आणून देतो. देऊ काय?

सुळग्याचा

नको! तेवढ्या पैशात पाच शनिवार दोघांना बोलावता येईल, गुडघे दुखणारे धरून.

निवृत्त गुरुजी

ताई, पैसे मिळाल्यावर टक्केवारी मागणाराही नको, आधी मागणारा तर नकोच. मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बारा हेडमास्तर म्हणून, त्यामुळं जरा लांबण लावतो.

आधी घरातलं बघा. समग्र शिक्षा अभियानातून पटावर शाळा अनुदान येतं. ३१ ते १०० पट असेल तर निकष वर्षाला २५ हजारांचा. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात, बाकीचे लाइटबिल, खडू, डागडुजी यातच जातात, हे मला ठाऊक आहे. पण क्रीडा साहित्याचं वेगळं अनुदान असतं, तुमच्यासारख्या शाळेला १० हजारांपर्यंत, आणि ग्रंथालयाचं वेगळं. हेडमास्तरांना नीट विचारा, गेल्या वर्षी यातलं काय आलं आणि कशावर गेलं. भांडायला नव्हे, एसडीएमसीचं ते कामच आहे. गोष्टींची पुस्तकं आणि खेळाचं सामान यातून बसलं तर तुमचे १२ हजार निम्म्यावर येतील.

टीव्ही का देतात आणि मानधन का नाही, त्याचं कारण साधं आहे. वस्तूचा फोटो निघतो, बिल लागतं, ऑडिटवाला एकदा बघतो आणि विषय संपतो. माणूस पुढच्या वर्षीही उभा असतो. खासदार फंडाचंही तेच, तो टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, चालू खर्चाला नाही. त्यामुळं त्या दारात मानधन मागून पाय झिजवू नका. तिथं शेड मागा, कंपाउंड मागा.

माणूस देणाऱ्यांत माझ्या आठवणीत एकच मोठं नाव येतं, धर्मस्थळ संघ. त्यांच्या ज्ञानदीप योजनेतून शाळांना डेस्क-बेंच मिळालेत, आणि शिक्षक कमी असलेल्या शाळांना मानधनावरचे शिक्षकही. गावात त्यांचे बचतगट असतीलच, सेवाप्रतिनिधीला गाठा. दुसरं, केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल. २०२१ च्या सप्टेंबरात नव्यानं सुरू झालं. शाळेच्या युडायस नंबरानं (प्रत्येक शाळेला असतो तो सरकारी नंबर) हेडमास्तरांनी नोंद करायची आणि काय हवं ते मांडायचं. तिथं रोख मिळत नाही, पण वस्तूंबरोबर माणसाचा वेळही मागता येतो: कला, खेळ, गोष्टी. बहुतेक शाळा तिथं फक्त कॉम्प्युटर मागतात.

फौंड्रीतला अकाउंटंट

टेबलाच्या पलीकडनं सांगतो. सीएसआर सगळ्या कारखान्यांना लागू नसतो. आधीच्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यातलं एक तरी लागतं. लागू झालं की तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के. उद्यमबागेत, मच्छेत कितीतरी शेड असे आहेत की ज्यांना कायद्यानं काहीच बंधन नाही. ते देतात ते मालकाच्या मनावर. तिथं ५४ हजार मागू नका, दहा शनिवार मागा.

जिथं लागू आहे तिथं आमची अडचण अशी की खर्च दुसऱ्या संस्थेमार्फत करायचा तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते (१ एप्रिल २०२१ पासून सक्तीची), सोबत १२ए, ८०जी या इन्कमटॅक्सच्या नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम. एसडीएमसीकडं हे कुठून येणार? म्हणून कंपनी स्वतः टीव्ही विकत घेऊन मोकळी होते. तुम्ही नोंदणी असलेली एखादी संस्था जोडीला घ्या. पैसे तिच्याकडं, शनिवार तुमच्या शाळेत. मानधन चालतं, शिक्षण हा विषय कायद्याच्या यादीतच आहे. आणि एक सांगतो, सीएसआरची रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर कमिटीची गरज नाही, डायरेक्टर बोर्डच ठरवतं. एचआरकडं खेटे घालण्यापेक्षा मालकाच्या घरच्यांपर्यंत पोचा. मार्चमध्ये जाऊ नका. मार्चमध्ये आम्ही माणसात नसतो.

अर्ज एक पानाचा. "सर्वांगीण विकास" लिहू नका, रोज दहा अर्जांत वाचतो. पोरं चार वाजेपर्यंत हलत नव्हती, हे लिहा.

नंदगडची अक्का

पैशाचं सगळं बोलूलालाय, पोरांचं कोण बोलणार? मी आशा कार्यकर्ती. बाहेरचा माणूस पोरांत येणार तर त्याची पोलीस पडताळणी करून घ्या, आणि शाळेतल्या बाई नाहीतर एक आई कायम तिथं बसलेली पाहिजे. गावातला आहे, ओळखीचा आहे, हे चालत नाही. एखादं पोर जास्तच गप्प दिसलं तर झांज त्यावर औषध नाही. १०९८ लावा, ते मुलांसाठीच आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, फुकट आहे. शाळेत पोरांच्या तब्येतीच्या तपासणीला सरकारी आरबीएसके योजनेची गाडी येते, त्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर नको.

आणि मक्कळ ग्रामसभा, म्हणजे पोरांची ग्रामसभा, होते काय तुमच्या पंचायतीत? तिथं पोरांनाच उठून मागू दे. पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या अधिकाऱ्याला, आपण बोललेलं ऐकू येत नाही, पोर बोललं की ऐकू येतं, आणि ते वहीत येतं.

सीमावासी

महाराष्ट्र सरकारकडं का मागत नाही? सीमाभागातल्या मराठी शाळा टिकवा म्हणून भाषणं होतात की दरवर्षी.

निवृत्त गुरुजी

भाषणं मीही ऐकली, काही केलीसुद्धा. पण शाळा कर्नाटक सरकारची, खात्याला ऑडिट त्यांचं. त्या खात्यावर पलीकडचा पैसा आला तर पहिली नोटीस हेडमास्तरांना येईल, भाषण करणाऱ्याला नाही. पलीकडची पुस्तकं मात्र जरूर आणा. कडोलीला, उचगावला साहित्य संमेलनं भरतात, तिथले स्टॉलवाले शेवटच्या दिवशी उरलेली बालपुस्तकं स्वस्तात सोडतात.

जांबोटीकडची

सगळ्यांचे आभार. पाच हजारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. हेडमास्तरांना अनुदानाचं विचारलं; आधी जरा तोंड पाडलं, मग रजिस्टर काढलं. क्रीडाचे पैसे आलेत, त्यातून झांजा घेता येतात काय ते सीआरपींना (आमच्या भागातल्या शाळा बघणारे शिक्षण खात्याचे) विचारून सांगतो म्हणाले. अक्का, ते गप्प पोराचं तुम्ही बरोबर ओळखलंत, आहे एक. बाईंशी बोलले.

दहा शनिवारांचा अर्ज करते, दोघांचे १० हजार. खाऊचं बायका म्हणाल्या, चुरमुरे आम्ही घरनं आणतो. आता एकच अडलंय: एसडीएमसीचा ठराव कन्नडमधून लागतो, आणि आमच्यात कुणाला तसं लिहिता येत नाही.

निवृत्त गुरुजी

मराठीत चार ओळी इथंच टाका. तारीख, हजर सभासद किती, मागणी काय, पैसे कुठं जमा होणार. रात्री कन्नड करून देतो.