मदत हवी आहे: फ्रान्समधील (आल्सास) ईस्टरचे रीतिरिवाज आणि शब्द

नोकरीनिमित्त आम्ही अलीकडेच पुण्याहून स्ट्रासबर्गला राहायला आलो आहोत. यंदाचा ईस्टर ५ एप्रिल २०२६ रोजी आहे आणि त्या रविवारी दुपारच्या जेवणाला शेजारच्या आजी-आजोबांनी आम्हाला दोन्ही मुलांसह बोलावले आहे. पुण्यात फ्रेंच शिकताना ईस्टरवर एक धडा होता. परंतु त्यात वाचलेले आणि इथे दिसणारे यांचा मेळ बसत नाही.

धड्यानुसार चर्चच्या घंटा रोमला जाऊन येतात आणि येताना मुलांसाठी अंडी टाकतात; शेजारच्या आजी मात्र मुलांना सांगतात की अंडी ससा आणतो. माझ्या कार्यालयाला शुक्रवारी सुटी आहे, पण लियाँच्या शाखेतील सहकारी त्या दिवशी कामावर असणार आहेत. बेकऱ्यांमध्ये पिठीसाखर भुरभुरवलेली केकची कोकरे मांडलेली दिसतात, ती कधी खायची असतात? शुभेच्छा कोणत्या शब्दांत द्याव्यात, आणि आम्ही मांस, मासे व अंडी खात नसल्याचे यजमानांना कसे सांगावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या धड्यात उर्वरित फ्रान्सचा ईस्टर आहे आणि आपण राहता तो ऱ्हाइनकाठचा, जर्मनीला लागून असलेला आल्सास प्रांत आहे, एवढे लक्षात घेतले की बहुतेक कोडी सुटतात. आल्सास आणि त्याच्या लगतचा मोझेल हा भाग १८७१ ते १९१८ या काळात जर्मन साम्राज्यात होता, आणि तो फ्रान्सकडे परत आल्यानंतरही त्या काळातील बरेच स्थानिक कायदे तसेच ठेवण्यात आले. गुड फ्रायडेची सुटी हा त्याच वारशाचा भाग आहे: १८९२ च्या एका आदेशानुसार, ज्या गावात प्रोटेस्टंट प्रार्थनामंदिर किंवा कॅथलिक व प्रोटेस्टंट या दोन्ही पंथांचे सामायिक चर्च आहे, तिथे हा दिवस सुटीचा असतो. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर इतरत्र शुक्रवार कामाचाच असतो, आणि सार्वजनिक सुटी मिळते ती ईस्टरनंतरच्या सोमवारची, म्हणजे ‘लंदी द पाक’ची. आपल्याला दोन्ही सुट्या मिळतील. मात्र शुक्रवार, रविवार आणि सोमवार या तिन्ही दिवशी दुकाने बहुतांशी बंद असतात, तेव्हा दूध-भाजीची खरेदी शनिवारीच उरकून घ्यावी.

सशाचेही तसेच आहे. ईस्टरच्या सशाची प्रथा जर्मन भाषक प्रदेशांतली आहे. गेऑर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या वैद्याने १६८२ साली ईस्टरच्या अंड्यांवर लिहिलेल्या प्रबंधात तिचा उल्लेख केला, तेव्हा त्याच्यासमोर आल्सास आणि आसपासचाच मुलूख होता. आल्सासी बोलीत या सशाला ‘ओस्टरहास’ म्हणतात. शाळेत मुलांच्या कानांवर घंटाही पडतील आणि ससाही, त्यामुळे त्यांनी विचारल्यास ‘दोघेही आणतात’ असे खुशाल सांगावे.

केकच्या कोकराला इथे ‘लामाला’ किंवा ‘ओस्टरलामेला’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘आन्यो पास्कल’. तो साधा स्पंज केक असतो आणि कोकराच्या आकाराच्या दुभागी मातीच्या साच्यात भाजला जातो. असे साचे घडवणारे कुंभार स्ट्रासबर्गच्या उत्तरेला सुफ्लेनहाइम येथे आजही काम करतात. खाण्याचा खरा दिवस ईस्टरचा रविवार, आणि बरीच कुटुंबे ते सकाळच्या न्याहारीलाच कापतात. आपल्यासाठी अडचण अशी की यात अंडी भरपूर असतात. गंमत म्हणजे चॉकलेटच्या अंड्यात अंडे नसते, ते मुलांना निर्धास्तपणे देता येईल. फक्त आत ‘गिमोव’ नावाची मऊ मिठाई भरलेली असेल, तर तीत बहुधा जिलेटिन असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत.

जेवणात मुख्य पदार्थ बहुधा कोकराची भाजलेली मांडी, म्हणजे ‘जिगो दान्यो’, असेल. म्हणून आपल्या पथ्याची कल्पना आधीच द्यावी. ताटावर बसल्यावर नकार दिला तर यजमानांची फार अडचण होते, पण आठवडाभर आधी कळवले तर कोणी राग मानत नाही. ‘नू न मांजाँ नी व्यांद, नी प्वासाँ, नी अ’ (आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही) एवढे वाक्य पुरेसे आहे. अंडी वेगळी सांगितलीच पाहिजेत, कारण इथे शाकाहारी म्हटले की ऑम्लेट पुढे येते. या शब्दाचा उच्चारही जपावा: एक अंडे ‘अफ’, पण अनेकवचनात शेवटचा ‘फ’ गळून नुसता ओठ गोल करून म्हटलेला ‘अ’ उरतो. बागेत लपवलेली अंडी शोधण्याचा खेळ ‘शास ओझ अ’. त्यात आपल्या मुलांनाही नक्की घेतील.

प्रतिसाद २

मी वसईचा आहे, त्यामुळे घंटांबद्दल थोडे लिहितो. कॅथलिक उपासनेत ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी मिस्साबलिदानात (मुख्य प्रार्थनाविधीत) ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गाताना घंटा वाजतात आणि त्यानंतर शनिवारच्या रात्री पुन्हा ‘ग्लोरिया’ होईपर्यंत त्या मुक्या राहतात. फ्रान्समध्ये मुलांना या शांततेचे कारण असे सांगत आले की घंटा पोपचा आशीर्वाद घ्यायला रोमला गेल्या आहेत. मधल्या काळात आपल्याकडे लाकडी खुळखुळे वाजवतात. आल्सास आणि लोरेनच्या खेड्यांत मुले ‘क्रेसेल’ नावाचे तसेच लाकडी वाद्य फिरवत गल्लीतून हिंडत.

आपल्या झावळ्यांच्या रविवारला (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार) तिकडे ‘दिमांश दे रामो’ म्हणतात. तिथे झावळ्या कुठून मिळणार, म्हणून उत्तरेकडे ‘ब्वी’ नावाच्या सदाहरित झुडपाच्या डहाळ्या आशीर्वादित करून घेतात, तर दक्षिणेकडे ऑलिव्ह किंवा लॉरेलच्या. येत्या रविवारी, २९ मार्चला, चर्चबाहेर लोकांच्या हातांत त्या दिसतील. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला ‘कारेम’ म्हणतात. पूर्वी या काळात अंडी वर्ज्य होती, पण कोंबड्या घालायच्या थांबत नव्हत्या. साठलेल्या अंड्यांमुळे ईस्टर हा अंड्यांचा सण झाला, असा त्याचा उगम सांगितला जातो.

शुभेच्छा ‘ज्वायझ पाक’ अशा द्याव्यात. सणाचे नाव लिहिताना शेवटी ‘एस’ येतो आणि आधी उपपद लागत नाही. उपपदासह आणि ‘एस’शिवाय ‘ला पाक’ लिहिले, तर तो यहुदी लोकांचा वल्हांडण सण होतो. भेटकार्डावर ही चूक होऊ देऊ नये.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पथ्याचे वाक्य आजच शेजारी कळवतो. भेट म्हणून काय न्यावे, एवढे सांगितलेत तर उपकार होतील. पत्नीच्या मनात पिवळ्या शेवंतीचा गुच्छ आहे.

प्रतिसाद १

शेवंती कृपया नेऊ नये. आपल्याकडे ती देवाला वाहतात आणि तोरणात गुंफतात, पण फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास ती कबरींवर ठेवतात, त्यामुळे जेवणाच्या घरी ती अशुभ वाटते. ट्यूलिप किंवा नार्सिसस या दिवसांत फुलवाल्यांकडे सहज मिळतात. सोबत चॉकलेटचा एक डबा न्यावा, पण तो शनिवारी सायंकाळपूर्वीच विकत घेऊन ठेवावा.