आयरिशमध्ये ‘थोडंसं’ कसं म्हणायचं : ब्रीन, ग्रानीन, रुअन्य

प्रश्न : शब्दकोशात ‘थोडं’साठी ‘ब्यगान’ सापडतो. थोडं मीठ, घोटभर चहा, मांसाचा तुकडा, सगळीकडे तोच चालेल?

उत्तर : व्याकरणानं चालेल, कानाला सपाट लागेल. ‘ब्यगान’ पैसे किंवा वेळ यांसाठी शोभतो. वस्तू हाताशी आली की तिच्या जातीचा शब्द हवा. पातळ पदार्थाला ‘ब्रीन’, म्हणजे थेंब (हा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनॅक्ट प्रांताचा उच्चार, दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात ‘ब्रेन’, लेखन एकच). पण ‘ब्रीन टे’ विचारलं तर कपभर चहाच येतो, आपल्या ‘घोटभर चहा घ्या’सारखा. खराखुरा घोट म्हणजे ‘बॉलगम’.

चिमूटभर मीठ म्हणजे ‘ग्रानीन सालिन’. आपण चिमटीत मावेल तेवढं म्हणतो. तिथे दाण्याच्या शब्दाला ‘ईन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागतो, म्हणजे अक्षरशः ‘इवलासा दाणा’. ‘रुअन्य’ म्हणजे केस, धागा. त्यावरून ‘रुअन्य फ्योला’, मांसाची जराशी चिंधी.

आता मराठी माणूस हमखास कुठे चुकतो ते. ‘चिमूटभर मीठ’मध्ये ‘मीठ’ जसंच्या तसं राहतं. आयरिशमध्ये रचना ‘चिमूट मिठाची’ अशी, पुढचं नाम षष्ठीत. मीठ एरवी ‘सालन’, इथे ‘सालिन’. मांस एरवी ‘फ्योल’, इथे ‘फ्योला’. घोळ असा की दूध (‘बान्य’) आणि पाणी (‘इश्क्य’) षष्ठीतही बदलत नाहीत. सुरुवात ‘ब्रीन बान्य’पासून केली की काही बदलायचंच नसतं असं वाटतं, आणि ‘ग्रानीन सालन’ तोंडात बसतं. म्हणून पहिला सराव मिठावरच करावा.

पुरवणी : ‘कूपला’ म्हणजे दोन-चार, पण पुढचं नाम एकवचनीच. दोन-चार दिवस म्हणजे ‘कूपला ला’. अनेकवचन लावून ‘कूपला लेहन्ता’ म्हटलं की चूक.

आणखी एक : नकारातले शब्द वेगळे. भूक अजिबात नाही, ‘नील प्युक ऑक्रश ऑरम’. इथे ‘प्युक’ म्हणजे कणभर. आणि आपल्या ‘काडीची अक्कल नाही’ला तिथे ‘नील स्प्लंक ह्येल्य एग्य’ : त्याच्याकडे अकलेची ठिणगीसुद्धा नाही. अक्कल एरवी ‘किअल’. षष्ठीत ‘केल्य’ होते आणि ‘स्प्लंक’ स्त्रीलिंगी असल्यानं पुढच्या ‘क’चा ‘ह’ होतो.