फिंगरप्रिंट रीडरचा ड्रायव्हर बसूनही चालत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने टाकल्यापासून बोटाच्या ठशाने लॉगिन करण्याची सोय बंद पडली आहे आणि चार दिवस खटपट करूनही ती पूर्ववत झालेली नाही.

सुरुवातीला डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह कोड २८, म्हणजे ड्रायव्हरच नाही, असे दिसत होते. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून माझ्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर उतरवून घेतल्यावर इन्स्टॉलेशन विनातक्रार पूर्ण झाले आणि रीडर ‘बायोमेट्रिक डिव्हाइसेस’ या गटात दिसू लागला, मात्र आता तेथे कोड १० येतो, म्हणजे उपकरण सुरूच होऊ शकत नाही. एकाच मॉडेलमध्ये कधीकधी वेगवेगळ्या कंपन्यांचे सेन्सर असतात, म्हणून हार्डवेअर आयडीमधील व्हीआयडी (निर्मात्याचा क्रमांक) आणि पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलशी, म्हणजे तो कोणत्या उपकरणांसाठी आहे हे सांगणाऱ्या फाइलशी, ताडून पाहिले. ते तंतोतंत जुळतात. (हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते.)

ड्रायव्हर मुळासकट काढून पुन्हा टाकला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूलभूत सेटिंगमध्ये) रीडर सुरू असल्याची खात्री केली, पॉवर मॅनेजमेंटमधील वीज वाचवण्याची खूण काढली. बायोमेट्रिक सर्व्हिस चालू आहे, पिनही ठरवलेला आहे.

काही सेन्सर ठसे स्वतःच्या चिपमध्येच साठवतात, त्यामुळे जुन्या नोंदी आड येत असाव्यात अशी मला शंका आहे. बायोसमधून त्या पुसल्याने कोणाचा कोड १० गेला आहे का? तसे करण्यापूर्वी जुना ड्रायव्हर काढावा लागतो का, हेही कृपया सांगावे.